शिक्क्याची सही

मी एकदा एका मेलेल्या माणसाच्या नावाने पत्र पाठवलं. तारीख त्या दिवसाची, खाली सही त्यांची... आणि त्यांना जाऊन पंधरवडा होत आला होता. विशीही ओलांडली नव्हती मी. आपल्याइतकी हुशार मुलगी अख्ख्या मल्लेश्वरममध्ये नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती मुलगी आज समोर आली तर कान पिरगाळून तिला कोपऱ्यात उभी करीन. पण ती काही सापडत नाही, म्हणून तिच्या वतीने मीच उभी राहते.

भुताखेतांचे अनुभव छापणाऱ्या या पानावर लिहिणारे सगळे आधी सांगतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता, त्याला मी काय करू? आमची आजी अमावस्येला लिंबू उतरवून चौकात टाकायची. मी ते उचलून आणलं, त्याचं सरबत केलं आणि तिलाच पाजलं. ‘छान झालंय’ म्हणाली. तेव्हा माझ्याकडून पांढऱ्या साडीतल्या बाईची वगैरे अपेक्षा ठेवू नका. जे घडलं ते भर दुपारी घडलं, जयनगरमध्ये, आणि कुणी किंचाळलंसुद्धा नाही.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. आम्ही मूळचे बंगळूरचेच... म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लष्कराबरोबर आलो आणि परत जायचं राहून गेलं, असं आजोबा सांगायचे. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि पोटासाठी इंग्रजी. मी शॉर्टहँड आणि टायपिंगची परीक्षा दिली आणि डॉक्टरांकडे नोकरीला लागले.

डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडं याच गावात प्रॅक्टिस करतात आणि त्यातला एक माझं ब्लडप्रेशर बघतो. संपिगे रोडपासून थोडं आत त्यांचा बंगला होता. हृदयाचा पेशंट कुठल्याही गावचा असो, तिथल्या डॉक्टरचं डोकं चालेनासं झालं की तो म्हणायचा, बंगळूरला लिहून बघू. हे ‘बंगळूर’ म्हणजे आमचे डॉक्टर, आणि त्यांचा टाइपरायटर म्हणजे मी. मला वाटायचं की निम्मं राज्य माझ्या बोटांवर जगतंय.

टपाल सकाळी यायचं. मी पाकिटं फोडून तीन ढीग लावायची. एक पेशंटांचा. दुसरा इतर डॉक्टरांचा, मेडिकल कॉलेजांचा, परदेशातल्या मासिकांचा. तिसरा घरचा. पहिल्या दोन ढिगांना त्याच दिवशी उत्तर गेलंच पाहिजे असा नियम. डॉक्टर खोलीत येरझारा घालत डिक्टेशन द्यायचे, मी टाइप करायची, ते वाचून सही करायचे, आणि कार्बन कॉपी ज्याच्या त्याच्या फायलीत जायची. तिसरा ढीग मात्र काचेच्या पेपरवेटखाली महिनोन्‌महिने पडून राहायचा. धाकटा भाऊ, बहीण, विलायतेत शिकणारा मुलगा... सगळे त्या पेपरवेटखाली दबलेले. डॉक्टरांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का माहेरी गेल्या की त्यांचंही पत्र तिथेच. एकदा मी न राहवून आठवण करून दिली, तर डॉक्टरांनी उभ्या उभ्या डिक्टेट केलं: पत्र मिळालं, इथे सर्व ठीक, टॉनिक चालू ठेवणे. मी ते टाइप केलं, त्यांनी सही ठोकली. त्याची कॉपी कुठल्या फायलीत लावायची ते कळेना, म्हणून मी ती पेशंटांत लावली. तेव्हा मला हे फार विनोदी वाटलं होतं. घरी जाऊन आईला हसून हसून सांगितलं. आई हसली नाही.

शेवटच्या वर्षी डॉक्टरांचा हात कापू लागला. वर्गणीची पोच, सर्टिफिकेटाबरोबर जोडायची चिठ्ठी, असल्या किरकोळ कागदांसाठी त्यांनी सहीचा रबरी शिक्का करून घेतला. तो माझ्या ड्रॉवरमध्ये असायचा. पेशंटच्या पत्राला मात्र शिक्का लावायचा नाही, ही सक्त ताकीद. तिथे कापऱ्या हाताने का होईना, ते स्वतः सही करत. कधी कधी एका सहीला इतका वेळ लागायचा की मी खिडकीबाहेर बघत बसायची, त्यांना लाज वाटू नये म्हणून.

एका दुपारी जेवून आरामखुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

वर्तमानपत्रांत फोटो आला, माणसांची रीघ लागली, दिवसकार्य झालं. टपालाला मात्र कोण सांगणार? ते येतच राहिलं. अक्कांनी मला बोलावलं. सगळ्या पेशंटांना एकच मजकूर टाइप करून पाठवायचा होता: डॉक्टर वारले, तुमची फाईल त्यांच्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरांकडे सोपवली आहे, पुढचा सल्ला त्यांच्याकडून घ्यावा. मी कामाला लागले. डॉक्टरांच्या रिकाम्या खोलीत मी एकटी, त्यांच्या टेबलाजवळ माझं टेबल. बाहेर अक्का. त्या रडताना मला कधी दिसल्या नाहीत. पुढच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या.

तशात खंडेराव मास्तरांचं पत्र आलं.

मास्तर म्हणजे एका शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर, आमच्यासारखेच इथले जुने मराठी. जयनगर तेव्हा नवं नवं वसत होतं, तिथे त्यांनी लहानसं घर बांधलं होतं. हृदय मोठं झालेलं, पायाला सूज, त्यासाठी डॉक्टरांनी डिजिटॅलिसचे थेंब सुरू केले होते. पत्र लिहिण्यात मास्तरांचा हातखंडा. स्वतःच्या दुखण्याची अशी टिंगल करायचे की डॉक्टर त्यांचं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवायचे. इतर कुणाचंही पत्र त्यांनी असं वाचलेलं मला आठवत नाही.

या पत्रात मास्तरांनी लिहिलं होतं की अन्नावरची वासना गेली आहे, मळमळतं, आणि एक गंमत... घराच्या भिंती नुकत्या चुन्याने रंगवल्या, तर त्या मला हळदीने सारवल्यासारख्या दिसतात. रंगाऱ्याशी भांडलो, बिचारा शपथा घेत होता. आता तुम्ही सांगा, डोळे तपासू की रंगाऱ्याची माफी मागू?

मी ते पत्र हातात घेऊन बसले. त्याच्यावर ‘डॉक्टर वारले’ पाठवायचं? हृदयाच्या पेशंटला? वाचता वाचताच त्यांचं काही बरंवाईट झालं तर? ही झाली माझी दया. त्या दयेच्या खाली काय होतं ते आता या वयात सांगायला हरकत नाही: मला डॉक्टर व्हायचं होतं. एक दिवसापुरतं. एवढे दिवस मी त्यांची वाक्यं टाइप केली होती, त्यांच्यासारखं लिहिणं मला सहज जमलं असतं. कुणाचं काय बिघडणार होतं?

मी कपाट उघडलं. तेच थेंब घेणारा, अन्न न जाणारा दुसरा पेशंट शोधला. कोलारच्या एक बाई सापडल्या. त्यांना डॉक्टरांनी लिहिलं होतं: काळजीचं कारण नाही, थेंब चालू ठेवा, रोज दोन थेंब वाढवा, ताक घेत जा. मी ती तीन वाक्यं जशीच्या तशी उतरवली. शेवटी रंगाऱ्यावर एक विनोद घातला, तो माझा स्वतःचा. आज आठवला की अंगावर काटा येतो, इतका वाईट विनोद. मग ड्रॉवर उघडला, शिक्का काढला आणि मारला. नीट उमटला. मी त्याच्यावर फुंकरसुद्धा घातली.

सोमवारच्या टपालात पत्र गेलं.

गुरुवारी सकाळी मी डॉक्टरांच्या फायली आवरत होते. दावणगेऱ्याच्या एका तरुण डॉक्टरला आमच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी लिहिलेल्या पत्राची कॉपी हाताला लागली. अशा शेकडो कॉप्या मी केल्या होत्या, पण टायपिस्ट वाचत नाही हो. डोळा अक्षर बघतो, बोट दाबतं, मधे कुणी नसतं. त्या दिवशी मला काही घाई नव्हती म्हणून मी ते वाचलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं की या थेंबांवरचा पेशंट जर म्हणाला की वस्तू पिवळ्या दिसतात, तर औषधाचं विष होऊ लागलं आहे असं समजा. त्याच घटकेला थेंब बंद करा. मला पत्र लिहून विचारत बसू नका, तेवढा वेळ पेशंटजवळ नसतो.

हे माझ्याच बोटांनी टाइप केलं होतं.

मास्तरांच्या घरी फोन नव्हता. धाकट्या डॉक्टरांना सांगावं तर ते पहिला प्रश्न विचारतील, दोन थेंब वाढवायला कुणी सांगितलं? खरं सांगते, माणूस मरतोय की काय अशी भीती होती त्या क्षणी, आणि तिच्या अगदी शेजारी, तेवढीच मोठी, आपण पकडले जाऊ ही भीती होती. मी पर्स उचलली आणि कुणालाही न सांगता निघाले.

मल्लेश्वरमहून मार्केट, मार्केटहून जयनगरची बस. ती बस भरल्याशिवाय हलत नसे. कंडक्टर दारात उभा राहून पान खात होता. मी त्याला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, स्वल्प थांबा अम्मा, कुणी मरत नाही. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

जयनगर म्हणजे तेव्हा आखलेले रस्ते, साइटच्या, म्हणजे प्लॉटच्या, कोपऱ्यांवर रोवलेले दगड, मधे घाणेरीची झुडपं आणि दूर दूर एकेक घर. उन्हात मी जवळजवळ पळतच गेले. मास्तरांच्या घरापुढे चपलांचा ढीग आहे का, हे मी लांबूनच बघत होते. नव्हता. दार उघडं होतं. तुळसाक्का, म्हणजे मास्तरांची बायको, ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, कपाळावर मोठं कुंकू. ते कुंकू बघून मला तिथेच रडू फुटलं.

त्या मला ओळखत होत्या, मास्तरांना तपासायला आणत तेव्हा मी असायची. त्यांनी मला हाताला धरून बसवलं. मी कसंबसं म्हटलं, थेंब बंद करा, आत्ताच्या आत्ता, थेंब देऊ नका.

त्या म्हणाल्या, ‘बंद केलेत. काल दुपारी डॉक्टर येऊन सांगून गेले.’

मी विचारलं, कुठले डॉक्टर? धाकटे?

त्यांनी सूप खाली ठेवलं. आतल्या खोलीकडे एकदा बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला.

‘आपले. तुझे.’

मग तुळसाक्कांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्या थांबत थांबत, तांदळातून बोट फिरवत सांगत होत्या.

डॉक्टर वारल्याचं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मास्तरांना नीट दिसेनासं झाल्यापासून पेपर त्याच वाचून दाखवायच्या. त्या दिवशी ती बातमी त्यांनी गाळली. मास्तरांचा त्या एका माणसावर एवढा भरवसा होता की ऐकून ते टिकतील असं तुळसाक्कांना वाटेना. मास्तरांनी पत्र लिहायला घेतलं तेव्हाही त्या गप्प बसल्या. उत्तर कुठून येतंय, असं मनाशी म्हणत त्यांनी स्वतः ते पेटीत टाकलं. आणि मंगळवारी उत्तर आलं. वर तारीख सोमवारची. खाली सही शिक्क्याची.

‘मला कळलं हे त्यांचं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण यांना खोटं आहे म्हणून सांगू कसं? सांगायचं तर डॉक्टर नाहीत हे सांगायला पाहिजे. मग मी वाचून दाखवलं. आणि वाढवून दिले थेंब. माझ्या हाताने दिले, इंदू.’

मंगळवारी रात्री मास्तरांना उलट्या झाल्या. बुधवारी सकाळी नाडी इतकी मंद झाली की तुळसाक्कांना ती बोटाला लागेना. शेजारचं घर मोकळं, रस्त्यावर टांगा नाही, नवऱ्याला एकटं टाकून जाववेना. दुपारी त्या त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. फाटक वाजलं. उठून बघतात तर दारात डॉक्टर उभे. राखाडी कोट, हातात बॅग. गाडी नव्हती.

मी विचारलं, तुम्ही काय केलंत?

‘काय करणार? ओरडले असते तर हे घाबरले असते. या म्हटलं.’

डॉक्टर आत गेले. नेहमीसारखं आधी पाणी मागितलं. ते नेहमीच मागत. पेशंटचा जीव तेवढ्यात थाऱ्यावर येतो म्हणायचे. तुळसाक्कांनी तांब्या-भांडं आणून ठेवलं. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या की आपण त्यांच्या पायांकडे बघितलं नाही. मुद्दामच नाही बघितलं. बघून काय उपयोग होता, आता तर आत घेतलं होतं.

त्यांनी नाडी धरली, बराच वेळ. मग पत्र मागितलं. वाचलं, घडी घालून कोटाच्या खिशात टाकलं. थेंबांची बाटली घेतली, न्हाणीघरात जाऊन मोरीत ओतली, बाटली विसळून पालथी घातली. तीन-चार दिवस काही औषध नको, नुसतं पडून राहा, मग धाकट्या डॉक्टरांना दाखवा, असं म्हणाले आणि फाटक लावून गेले. रस्ता सरळ होता आणि मोकळा होता. तुळसाक्कांनी दार लावून घेतलं, कुठवर दिसतात ते पाहायला त्या थांबल्या नाहीत.

आता तुम्ही जे म्हणणार तेच मी तिथे बसल्या बसल्या म्हटलं, मनात. ही बाई हुशार आहे. नवरा डॉक्टरच्या शब्दाबाहेर नाही, पत्र तर खोटं. तेव्हा हिने स्वतःच बाटली ओतली, पत्र चुलीत घातलं आणि नवऱ्याला सांगितलं की तुम्ही ग्लानीत होतात, डॉक्टर येऊन गेले. त्या विचाराने मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. मी डोळे पुसले, चांगली सावरून बसले. आपल्यापेक्षा वरचढ थापेबाज भेटली, मी तर मनातून तिला नमस्कारच केला.

तेवढ्यात आतून मास्तरांनी हाक मारली, कोण आलंय. मी आत गेले. भिंती पांढऱ्या होत्या, खिडकीतून ऊन येत होतं. मास्तर अर्धे होऊन गेले होते, पण डोळ्यांत तोच मिश्कीलपणा. त्यांना मी डॉक्टरांची टायपिस्ट म्हणून माहीत. डॉक्टर गेल्याचं त्यांना अजूनही माहीत नव्हतं. मला म्हणाले, बस, आणि मग हसून विचारलं,

‘काय ग, या कोलारच्या बाई कोण?’

मी म्हटलं, कुठल्या?

‘डॉक्टर पत्र वाचून म्हणाले, वाक्यं माझीच आहेत, पण ही मी कोलारच्या बाईंना लिहिली होती. मी मनात म्हटलं, इंदू भेटली की तिलाच विचारू.’

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काही तरी खोटंच दिलं असणार, तेव्हा मला ते फार छान जमायचं. एवढं आठवतं की मी पलंगाचा कठडा धरला होता आणि तुळसाक्का दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कोलारच्या बाई ठाऊक नव्हत्या. मास्तरांना ठाऊक नव्हत्या. त्या बाईंची कॉपी बंद कपाटात होती, किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि ती वाक्यं मी तिथून उचलली हे मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

फाटकापर्यंत तुळसाक्का सोडायला आल्या. पत्र कुणी लिहिलं हे त्यांनी विचारलं नाही. मी होऊन सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, ‘सरी, असू दे, जा आता. ऊन फार आहे.’

पुढचं थोडक्यात. धाकट्या डॉक्टरांनी मास्तरांना तपासलं. थेंब वेळेवर थांबले, आणखी एखादा दिवस गेला असता तर काही हाती लागलं नसतं, असं म्हणाले. कुणाच्या सांगण्यावरून थांबवले हे त्यांनी विचारलं तेव्हा तुळसाक्कांनी सांगितलं, आमच्या आम्हीच. मास्तरांना डॉक्टर गेल्याचं महिन्याभराने कळलं. ते तुळसाक्कांवर चिडले, की तो माणूस घरी येऊन गेला आणि त्यानंतर लगेच वारला, आणि तू मला सांगितलंही नाहीस. तुळसाक्कांनी त्यांची चूक कधी सुधारली नाही. पुढचा गणपती मास्तरांनी बघितला. त्याच्या पुढचा नाही.

ते पत्र कुठेही सापडलं नाही. मी तुळसाक्कांच्या घरी दोनदा जाऊन शोधलं, त्यांनी ट्रंका उपसून दाखवल्या. राखाडी कोट तर दिवसकार्यानंतर कुणाला तरी देऊन टाकला होता. माझ्या पत्राची कार्बन कॉपी मात्र मी सवयीने फायलीत लावली होती आणि ती काढून फाडायचं धाडस मला झालं नाही. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या नातवंडांनी त्यांचा सगळा पत्रव्यवहार एका ग्रंथालयाला दिला. लावायला मदत हवी म्हणून मला बोलावलं. व्यावसायिक पत्रव्यवहाराच्या पेट्याच पेट्या, आणि खाजगी म्हणून एक बुटाचं खोकं. माझी कॉपी व्यावसायिकांत आहे. पुढेमागे कुणी अभ्यासक ती वाचेल आणि लिहील की उतारवयात डॉक्टरांचा विनोद फारच बिघडला होता. लिहू दे.

इतक्या वर्षांत मी स्वतःला बरंच काही पटवून बघितलं. त्या औषधाचं विष चढलं की माणसाला भास होतात, हे नंतर वाचलं. मग तुळसाक्कांनी कुठले थेंब घेतले होते? मास्तरांनी कोलार हवेतून काढलं असेल, असंही म्हणून पाहिलं. म्हैसूर नाही, तुमकूर नाही, कोलारच? माझ्या डॉक्टर नातीला विचारलं तर ती म्हणाली, आजी, कोइन्सिडन्स. मी म्हटलं बरं. उत्तर शोधायचं आता थांबवलं.

त्या गुरुवारी मी जयनगरहून थेट बंगल्यावर गेले. दिवेलागण झाली होती. अक्का व्हरांड्यात त्याच खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि पत्र, शिक्का, कोलारच्या बाई, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता नोकरी जाईल, कदाचित थोबाडीतही बसेल, आणि बसावी असं वाटत होतं. त्यांनी एकदाही मधे अडवलं नाही. शेवटी फक्त एवढं विचारलं की कोट कोणता होता, आणि दमलेले दिसले का. मी म्हटलं, राखाडी, आणि दमल्याचं तुळसाक्का काही बोलल्या नाहीत. अक्का फाटकाकडे वळल्या. मग म्हणाल्या,

‘पेशंटकडे जाणारच ते. बोलवायचीही गरज लागत नसे. मी इतके दिवस रोज दार उघडं ठेवून इथे बसते, इंदू... इथे नाही आले.’